भेस्तानहून जुनी सुरत: गाइडसोबत एक दिवस

भेस्तान हे मुंबई–वडोदरा लोहमार्गावरचे, सचिन आणि उधना यांच्या मधले स्थानक. सुरत शहराची दक्षिण बाजू इथे सुरू होते. मुंबईहून खानदेशाकडे जाणाऱ्या काही गाड्या मुख्य सुरत स्थानकात न शिरता भेस्तानवरूनच वळून चलथाण, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार या वाटेला लागतात. त्यामुळे धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या कित्येकांना सुरत म्हणून आधी ओळखीचे होतात ते भेस्तान आणि उधना. तापीकाठचे जुने शहर मात्र इथे वर्षानुवर्षे राहिलेल्यांनीही नीट पाहिलेले नसते. गावाकडून पाहुणे आले की डुमसचा समुद्रकिनारा होतो, रिंग रोडवरच्या मार्केटात साड्यांची खरेदी होते आणि परतीची गाडी गाठली जाते. इंग्रज, वलंदेज (डच), फ्रेंच, आर्मेनियन, इराणी आणि तुर्क व्यापारी ज्या गल्ल्यांतून एके काळी वावरले, त्या राहूनच जातात. भेस्तानला उतरून हे जुने शहर एका दिवसात, जाणत्या गाइडसोबत, शक्य तितके पायी पाहता येते.

इमारतीचे नाव आणि साल फलकावरही वाचता येते. गाइड लागतो तो त्या वस्तीत आज कोण राहते, त्यांचे सण कोणते, कोणत्या दारातून आत जाता येते आणि कोणत्या दारापाशी थांबायचे असते हे समजण्यासाठी. या बाबतीत न्यूझीलंडमधल्या माओरींचा अनुभव पाहण्यासारखा आहे. रोटोरुआ परिसरात माओरी स्त्रिया एकोणिसाव्या शतकापासून प्रवाशांना वाट दाखवत आल्या आहेत. 10 जून 1886 रोजी तारावेरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि जगभरचे लोक ज्या पाहायला येत त्या गुलाबी-पांढऱ्या पायऱ्यांच्या गरम झऱ्यांचे स्थळ नष्ट झाले. तेव्हा सोफिया हिनेरांगी यांच्यासारख्या गाइड व्हाकारेवारेवा या गावी येऊन हेच काम करत राहिल्या. तिथे पाहुण्याला काय दाखवायचे, काय नाही, हे गावचे लोक ठरवतात. ‘मराए’ या सभास्थानाच्या आवारात यजमानांची स्त्री साद घालून बोलावते, मगच पाहुणा पाऊल टाकतो; नंतर नाकाला नाक टेकवून स्वागत होते. ऑकलंडसारख्या मोठ्या शहरातही ओराकेई भागातले माओरी आपल्या पूर्वजांच्या टेकड्यांची ओळख स्वतः करून देतात. सुरतेत अशी शिस्तबद्ध परंपरा नाही, पण तत्त्व इथेही तेच धरावे: बोहऱ्यांचा मोहल्ला बोहऱ्याकडून, जरीचे काम कारागिराकडून आणि लिंबायत भागातला कानबाईचा सण खानदेशी बाईकडून समजून घ्यावा.

गाइड निवडताना एवढे पाहावे की तो जुन्या शहरात वाढलेला किंवा तिथे रोज वावरणारा आहे. भाषेची अडचण सहसा येत नाही. गुजराती सावकाश बोलली तर मराठी माणसाला बरीचशी कळते, आणि खानदेशी माणसाला अहिराणीमुळे आणखी जवळची वाटते. नाही तर हिंदी आहेच. मानधन, वेळ आणि ठिकाणे आधी बोलून घ्यावीत. एखाद्या ठरावीक दुकानात नेण्याचा आग्रह गाइड सुरुवातीपासूनच धरू लागला तर दुसरा शोधावा. गट दहा-बारा जणांचा असावा. नाणावट, गोपीपुरा, झांपा बाजार या भागांतल्या गल्ल्या अरुंद आहेत. पंचवीस माणसे उभी राहिली की रहदारी अडते आणि मागच्यांना काही ऐकूही येत नाही. ओळखीचा गाइड नसल्यास किल्ल्यावरच्या तिकीट खिडकीशी चौकशी करावी, कारण अभ्यासू लोकांची ये-जा तिथे असते. किल्ला आणि संग्रहालय यांच्या सुट्टीचा वार आणि वेळ मात्र निघण्याआधीच विचारून ठेवावी.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर पायी फिरणे वृद्धांना आणि मुलांना झेपत नाही, आणि पावसाळ्यात तापीचे पाणी चढले की नदीकाठचे रस्ते बंद होतात. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा फार मोठा भाग बुडाला होता. जुन्या शहरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना तो पूर आणि 1994 ची प्लेगची साथ हे दोन विषय आपोआप निघतात. त्यांना बोलू द्यावे. साथीनंतर महापालिकेने स्वच्छतेचे जे काम केले, त्यामुळे शहराची सवयच बदलली, आणि हा बदल कसा घडला हे सुरतकर अभिमानाने सांगतात.

भेस्तानहून सकाळी सातच्या सुमारास निघावे. लोकलवजा मेमू गाडीने सुरत स्थानक गाठता येते, पण अधिक सोयीची आहे ती बीआरटीएस. सुरतेतली पहिली बीआरटीएस वाट 2014 साली सुरू झाली ती उधना दरवाजा ते सचिन जीआयडीसी अशीच, म्हणजे भेस्तान-पांडेसरा भागातूनच. उधना दरवाज्याला उतरले की प्रवासी जुन्या तटाच्या जागी पोहोचतो. शहराला दोन तट होते. आतला शहरपनाह आणि अठराव्या शतकात उभा राहिलेला बाहेरचा आलमपनाह. भिंती जवळजवळ सगळ्या गेल्या, पण दरवाज्यांची नावे चौकांना चिकटून राहिली. उधना दरवाजा, सहारा दरवाजा, दिल्ली दरवाजा, कतारगाम दरवाजा ही नावे नकाशावर एका रेघेने जोडली की तटाचा आकार डोळ्यांसमोर येतो. गाइडकडून हे पहिल्या दहा मिनिटांत करून घ्यावे. पुढे दिवसभर दिशा चुकत नाही.

पहिला मुक्काम चौक बाजारातला किल्ला. तापीच्या काठावरचा हा किल्ला 1540 ते 1546 या काळात गुजरातच्या सुलतान महमूद तिसऱ्याच्या अमलात खुदावंद खानाने बांधला. पोर्तुगीजांनी 1512 आणि 1530 मध्ये सुरत जाळली होती. त्यांना अडवणे हाच किल्ल्याचा हेतू. चार कोपऱ्यांत गोल बुरूज, सुमारे चार मीटर जाडीच्या भिंती आणि खंदक असे त्याचे रूप आहे. सह्याद्रीतले गड पाहिलेल्या मराठी माणसाला तो आधी ठेंगणा वाटतो. डोंगराचा आधार नसलेल्या सपाट नदीकाठी तोफांच्या माऱ्यासमोर टिकण्यासाठी केलेली ही रचना आहे, हे तटाच्या जाडीजवळ उभे राहिल्यावर लक्षात येते. 1573 मध्ये तो अकबराने जिंकला. पुढे जंजिऱ्याच्या सिद्दींचा त्यावर ताबा होता आणि 1759 मध्ये इंग्रजांनी तो घेतला. 1800 मध्ये तर सारे शहरच त्यांच्या कारभाराखाली गेले. बराच काळ सरकारी कचेऱ्यांनी भरलेला हा किल्ला महापालिकेने आता दुरुस्त करून संग्रहालय म्हणून खुला केला आहे. इथे दीड तास तरी द्यावा. दालने पाहण्याच्या नादात बुरुजावर जायचे राहू देऊ नये. तापीचे पात्र आणि शहर यांचे नाते तिथूनच समजते. मोठी जहाजे समुद्रकाठच्या सुवाळीला थांबत आणि माल लहान होड्यांतून नदीने वर येई.

मराठी प्रवाशांच्या गटात याच ठिकाणी प्रश्न निघतो तो सुरतेच्या लुटीचा. शाळेच्या पुस्तकात तो एका वाक्यात आटोपतो, म्हणून गाइडला इथे थांबून सविस्तर सांगायला लावावे. 1660 पासून शायिस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला होता. स्वराज्याचा मुलूख त्याने पार उजाड केला होता. एप्रिल 1663 मध्ये लाल महालावर छापा पडला, खान गेला, पण खजिना रिकामाच राहिला. मुघलांचे सर्वांत श्रीमंत बंदर सुरत होते आणि त्याचा तट त्या वेळी मातीचा होता. 5 जानेवारी 1664 रोजी शिवाजी महाराज गणदेवीला पोहोचल्याची बातमी शहरात आली. 6 तारखेला त्यांनी पूर्वेकडच्या बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर, एका बागेत तळ दिला. शहराचा मुघल अधिकारी इनायतखान आधीच किल्ल्यात जाऊन बसला होता. लोकांचे रक्षण करायला बाहेर कोणी उरले नाही. वाटाघाटीच्या मिषाने खानाने पाठवलेल्या माणसाने महाराजांवर हल्ला केला आणि तो फसला. मराठे 10 जानेवारीला परतले.

याच्या नोंदी मराठी बखरींपेक्षा इंग्रज आणि वलंदेज वखारींच्या कागदांत जास्त तपशिलाने आहेत. इंग्रजांचा अँथनी स्मिथ हा माणूस मराठ्यांच्या तळावर कैदेत होता, त्याचे बोलणे नोंदले गेले. इंग्रज पाद्री एस्कॅलियट याने महाराजांच्या रूपाचे वर्णन पत्रात लिहून ठेवले. विरजी वोरा हा जैन सावकार खुद्द इंग्रज कंपनीला कर्ज देई. त्याची हवेली लुटली गेली. हाजी झाहिद बेग या व्यापाऱ्याचे घरही गेले. फ्रेंच कापुचिन पाद्र्यांचा मठ मात्र राखला गेला, आणि दानधर्मासाठी नावाजलेल्या, तोवर वारलेल्या एका वलंदेजी दलालाचे घरही सोडले गेले, असे प्रवासी बर्निए सांगतो. याच कागदांत घरे जळाल्याच्या आणि काही कैद्यांचे हात तोडल्याच्याही नोंदी आहेत. मराठी माणसाला हे सारे ऐकायला हवे. ज्या शहरात उभे राहून इतिहास ऐकायचा, तिथल्या लोकांच्या आजोबा-पणजोबांवर काय गुजरले हे बाजूला ठेवून तो पुरा होत नाही, आणि महाराजांच्या मोहिमेची कारणे व त्यातला संयम समजून घ्यायलाही हेच कागद उपयोगी पडतात. 3 ते 5 ऑक्टोबर 1670 या काळात दुसरी स्वारी झाली. पहिल्या स्वारीनंतर शहराभोवती विटांचा तट बांधायला घेतला होता, तरीही ती अडली नाही. परतताना 17 ऑक्टोबरला वणी-दिंडोरीला मुघल सरदार दाऊदखानाशी लढाई होऊन मराठ्यांनी ती जिंकली. बुऱ्हाणपूर दरवाजा उरलेला नाही. बुऱ्हाणपुरी भागळ हे वस्तीचे नाव तेवढे त्याची आठवण राखून आहे, आणि दुपारी भागळकडे जाताना गाइडने ती दिशा दाखवावी.

किल्ल्यापासून मुगलीसरा पायी दहा-पंधरा मिनिटांवर. तिथली मुघल सराई 1644 मध्ये शाहजहानच्या काळात बांधली गेली. हजला जाणारे यात्रेकरू सुरतेहून जहाजात बसत, त्यांच्या उतरण्याची ही जागा. नंतर ती तुरुंगही झाली. सुरतेची नगरपालिका 1852 मध्ये स्थापन झाली आणि 1867 मध्ये या सराईत आली. आजही महापालिकेचे मुख्यालय इथेच आहे. कामकाजाच्या दिवशी लोक कर भरायला, दाखले काढायला आलेले असतात, तेव्हा कमानीतून आत डोकावताना त्यांची वाट अडवू नये. या परिसरातच इंग्रजांची वखार होती. 1608 मध्ये हॉकिन्सचे जहाज सुरतेला लागले, 1612 मध्ये सुवाळीच्या लढाईत पोर्तुगीजांचा पराभव झाला आणि 1613 मध्ये जहांगीराच्या फर्मानाने वखार पक्की झाली. 1687 मध्ये कंपनीचे मुख्य ठाणे मुंबईला गेले आणि सुरतेची रया हळूहळू उतरत गेली. मुंबईच्या वाढीची सुरुवात ज्या शहरातून झाली त्याच्या गल्ल्यांतून मुंबईकर चालत असतो, हे गाइडने आवर्जून सांगावे.

तापीकाठाने चालताना एक जागा मराठी वाचकाच्या विशेष ओळखीची आहे. डिसेंबर 1907 मध्ये इथल्या फ्रेंच बागेत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. ते आधी नागपूरला व्हायचे होते, पण तिथे जहालांचा जोर म्हणून सुरतेला हलवले गेले. 26 तारखेला रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाच्या प्रस्तावावरच गोंधळ उठला. 27 तारखेला लोकमान्य टिळक बोलण्याची परवानगी मागत व्यासपीठावर उभे राहिले, हटले नाहीत, आणि मंडपातून उडालेला पुणेरी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या फेकल्या गेल्या, सभा उधळली, जहाल आणि मवाळ वेगळे झाले. पाठ्यपुस्तकातली ‘सुरतेची फूट’ ती हीच. आज तिथे मंडपाची काही खूण मिळत नाही, त्यामुळे गाइडला ठिकाण माहीत असणे महत्त्वाचे.

यानंतर गोपीपुरा. मलिक गोपी या श्रीमंताने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला गोपी तलाव महापालिकेने पुन्हा खोदून, बांधून काढला आहे. मुलांसाठी विश्रांतीला ही जागा बरी. त्याहून मोलाचे आहे ते आमलीरानमधले कवी नर्मदचे घर. 1833 मध्ये जन्मलेला, 1886 मध्ये वारलेला हा गद्यकार आणि कवी गुजरातीत एकट्याने शब्दकोश रचून गेला, विधवाविवाहाचा पुरस्कार करत राहिला, आणि त्याने ‘डांडियो’ हे पाक्षिक चालवले. महाराष्ट्रात लोकहितवादी आणि विष्णुशास्त्री पंडित जे लिहीत-बोलत होते, तेच वारे सुरतेतही वाहत होते. दोन्ही प्रांत तेव्हा मुंबई इलाख्यात होते. चौक बाजाराजवळचे अँड्र्यूज वाचनालय 1850 सालचे आहे. पुस्तकांची आवड असलेल्यांनी तिथे पंधरा मिनिटे बसावे.

दुपारच्या जेवणाआधी झांपा बाजार. 1871 मध्ये पारशी दात्याच्या पैशाने उभा राहिलेला मनोरा, भोवती दाऊदी बोहऱ्यांची वस्ती, आणि 1814 पासूनची अल-जामिया-तुस-सैफिया ही त्यांची विद्यापीठवजा संस्था. इथे परवानगीविना कोणत्याही आवारात शिरू नये. फोटो काढण्याआधी विचारावे, स्त्रियांचे तर काढूच नयेत. पारशांच्या अग्यारीत बिगरपारशांना प्रवेश नसतो. बाहेरून नमस्कार करून पुढे जावे, पहारेकऱ्याशी वाद घालू नये. शाहपोरच्या चिंतामणी पार्श्वनाथ मंदिरातले लाकडी कोरीव काम पाहताना चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवाव्या लागतात.

कतारगाम दरवाज्याबाहेरची इंग्रज आणि वलंदेज दफनभूमी पुष्कळजण वगळतात, तसे करू नये. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातल्या या जागेत युरोपियन व्यापाऱ्यांनी घुमट, खांब, कमानी अशा मुघल धाटणीची भव्य थडगी बांधून घेतली आहेत. त्यांतले दुमजली थडगे ऑक्झेंडन बंधूंचे आहे. ख्रिस्तोफर 1659 मध्ये वारला, सर जॉर्ज 1669 मध्ये. सर जॉर्ज म्हणजे 1664 च्या स्वारीत इंग्रज वखारीचा प्रमुख, ज्याने वखार लढवून राखली. याच घराण्यातला हेन्री ऑक्झेंडन 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला नजराणे घेऊन हजर होता. शिवचरित्र वाचणाऱ्याला ही नावे पानापानांवर भेटतात. इथे त्यांपैकी एक जण दगडाखाली आहे. जवळच्या वलंदेज दफनभूमीत सर्वांत मोठे थडगे बॅरन व्हान रीडे याचे. मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने वैद्य आणि पंडितांच्या मदतीने करवून घेतला. 1691 मध्ये सुरतेकडे येताना समुद्रावरच तो वारला. थडग्यांवर चढणे, नावे कोरणे हे प्रकार इथे झालेले दिसतात. गटातल्या मुलांना आत शिरण्याआधीच समज द्यावी.

दुपारनंतरचा वेळ जरीसाठी राखून ठेवावा, कारण महाराष्ट्राच्या घराघरांतल्या कपाटाशी या शहराचा सर्वांत जुना संबंध जरीमुळेच आहे. येवला-पैठणच्या पैठणीच्या काठापदरात पिढ्यान्पिढ्या सुरतेची जर वापरली गेली. चांदीची कांब छिद्रांमधून ओढत ओढत केसासारखी बारीक तार करतात. ती चपटी केली की तिला बादला म्हणतात. बादला रेशमी किंवा सुती धाग्यावर गुंडाळला की कसब तयार होते आणि त्यावर सोन्याचा मुलामा चढतो. सलमा, टिकी हे भरतकामाचे प्रकारही त्याच कारागिरीतले. खरी जर, तांब्यावरची नकली जर आणि प्लास्टिकची जर अशा तिन्ही प्रकारांचा माल बाजारात मिळतो, आणि लांबून तिन्ही सारखेच चमकतात. खरेदी करायची असेल तर कोणती जर आहे हे बिलावर लिहून घ्यावे. कारखाने बहुधा घरांच्या माडीवर असतात. गाइडने आदल्या दिवशी निरोप धाडलेला असावा. कारागीर तासावर किंवा नगावर काम करतो. त्याचा वेळ घेतला तर त्याचा मोबदला द्यावा. हे गाइडच्या मानधनातून कापू नये.

खाण्याच्या बाबतीत सुरत कोणाला उपाशी ठेवत नाही. सकाळी तेल-शेव-कांदा घातलेला गरम लोचो किंवा रसावाला खमण. नानपुऱ्यात मक्काई पुलाजवळच्या दोतीवाला बेकरीची नानखटाई, जिची पाळेमुळे वलंदेज वखारीच्या भट्टीत असल्याचे ती बेकरी चालवणारे पारशी घराणे सांगते. थंडीत कोवळ्या ज्वारीचा पोंक, अर्थात आपला हुरडा, पण इथे तो लिंबू-मिरीच्या शेवेसोबत खातात. उंधियो घरगुती मिळाला तर अधिक चांगला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चांदनी पडवो असतो. त्या रात्री सुरतकर घारी आणि भुसू घेऊन रस्त्याकडेला, गच्चीवर, नदीकाठी चांदण्यात बसतात. मावा, सुकामेवा आणि तुपाची ही घारी पोटाला जड असते, एकीत दोघांचे भागते. शक्य असेल तर सहल त्या तारखेला धरून आखावी. शहराची ओळख त्या रात्री जितकी सहज होते तितकी एरवी कधी होत नाही.

संध्याकाळी पुन्हा दक्षिणेकडे वळावे. लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा आणि भेस्तान या पट्ट्यात खानदेशातून आलेली लाखभर नव्हे, त्याहून कितीतरी अधिक माणसे राहतात. 1900 च्या सुमारास सुरत–अमळनेर ही तापी व्हॅली रेल्वे पूर्ण झाली आणि खानदेशाला समुद्राकडची वाट मिळाली. पुढे यंत्रमाग, रंगाई-छपाईच्या मिला आणि साडी मार्केट वाढले, तसतशी जळगाव, धुळे, नंदुरबारची गावेच्या गावे या वाटेने आली. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहारचे कामगारही याच वस्त्यांत आहेत. महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांतही चालतात. एका शहराने इतक्या भाषांतून मुलांना शिकवावे, ही गोष्ट किल्ल्याइतकीच दाखवण्यासारखी आहे.

या भागासाठी वेगळा, तिथलाच माणूस सोबत घ्यावा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. नारळाला नथ, दागिने, साडी लेववून देवी सजवतात, भाऊबंद मिळून गव्हाचे रोट करतात, रात्री जागरण होते आणि सोमवारी वाजत-गाजत विसर्जन. सुरतेच्या गल्ल्यांत हा सण आज तितक्याच थाटात होतो, आणि शेजारचे गुजराती-ओडिया कुटुंबही दर्शनाला येते. पाहुण्याला घरात बोलावले तर रिकाम्या हाती जाऊ नये. नारळ किंवा फळे न्यावीत. एरवी कोणत्याही दिवशी शेवभाजी, कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत देणारी खानावळ या भागात सापडते. जेवताना शेजारच्या टेबलावर अहिराणी कानावर पडते, आणि तिच्यात गुजराती शब्द किती मिसळलेत हे लक्ष देऊन ऐकावे.

दिवसभराचे चालणे सहा-सात किलोमीटर होते. पायात सवयीची चप्पल-बूट, डोक्याला टोपी, पाण्याची बाटली आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवावी. दागिने अंगावर नकोत. मुगलीसरा ते कतारगाम हा टप्पा वृद्धांनी रिक्षाने करावा आणि दफनभूमीत गटाला भेटावे. लहान मुलांना किल्ला, गोपी तलाव आणि जरीचा कारखाना एवढेच पुरते. अधिक लादले की ती कंटाळतात.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर तापीपलीकडचे रांदेर पाहावे. सुरतेहून जुने असलेले हे बंदर 1530 मध्ये पोर्तुगीजांनी जाळले. पुढे इथल्या व्यापाऱ्यांनी ब्रह्मदेशाशी व्यापार केला आणि रंगूनच्या पैशाने लाकडी नक्षीची घरे, मशिदी उभ्या केल्या. सुरतेत मिळणारा खावसा हा पदार्थ त्याच ब्रह्मी संबंधातून आला. जुन्या घरांच्या मालकांपैकी कोणी दार उघडले तर आतला दिवाणखाना पाहण्याची विनंती करावी, आग्रह करू नये. खानदेशाकडे परतणाऱ्यांनी भेस्तानहून नंदुरबारची गाडी धरावी आणि उकाई सोनगड स्थानकावर उतरावे. सोनगडचा डोंगरी किल्ला पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात घेतला. बडोद्याला जाण्याआधी गायकवाडांचे मुख्य ठाणे तेच होते. चढण मध्यम आहे, सकाळी लवकर निघाल्यास दुपारच्या गाडीने पुढे नवापूर-नंदुरबार गाठता येते.